निकेल तळाला गेलंय म्हणून घ्यायला निघालेल्यांसाठी

जालन्यातल्या आमच्या शेअरवाल्या ग्रुपवर नवं खूळ आलंय. परदेशी शेअर घ्यायची ॲपं मोबाइलवर आली आणि पोरं थेट ऑस्ट्रेलियातल्या निकेलच्या (स्टेनलेस स्टीलमध्ये आणि काही बॅटऱ्यांत लागणारा धातू) खाणी धुंडाळायला लागली. मुद्दा एकच: "भाव पडलाय, खाणी बंद होतायत, म्हणजे आता वर जायलाच पाहिजे." मला हे पटत नाही.

हा हिशोब मोंढ्यातला आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलमागं 10 हजारांवर गेलं, आणि 2024 ला 4,892 चा हमीभाव मिळता मिळेना. (आयात तेलाचा त्यात हात आहेच, तो विषय वेगळा.) भाव पडला की काही शेतकरी तुरीकडं, मक्याकडं वळतात, आवक घटते, बाजार सावरतो. निकेलमध्ये पेरा कमी करणाराच सापडत नाही.

इंडोनेशियानं जानेवारी 2020 पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली. माल पाहिजे तर इथं येऊन भट्ट्या टाका, हा सरळ सौदा. चिनी कंपन्या गेल्या. सुलावेसीतल्या मोरोवालीत, हालमाहेरातल्या वेदा बेमध्ये भट्ट्या, कोळशावरची वीज, बंदर सगळं एकाच आवारात. खनिज जमिनीच्या वरच्या थरातलं, काढायला स्वस्त. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल या एकाच देशातून निघतं. तिथल्या मालकाला नुसत्या खाणीवर कमवायचं नाही, त्याला पुढं स्टेनलेस स्टील विकायचंय. भाव पडला म्हणून तो भट्टी का विझवेल?

विझल्या त्या दुसऱ्यांच्या. 2022 च्या अखेरीस टनाला 30 हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव 2024 च्या सुरुवातीला 16 हजारांवर आला. आयजीओ या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीनं 2022 मध्ये सुमारे 126 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून वेस्टर्न एरियाज ही निकेल कंपनी घेतली आणि पुढं त्यातला बराच पैसा बुडीत दाखवला. बीएचपीसारख्या धनदांडग्या खाण कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आपल्या निकेल वेस्ट या निकेल धंद्याचं काम थांबवलं. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात ग्लेनकोर या बड्या खाण कंपनीनं कोनियाम्बो ही निकेल खाण बंद केली. ही सगळी जाणती माणसं, आपल्यासारखी ॲपवाली नव्हेत.

बॅटरीचं गाजरही अर्धंच. निकेलचा मोठा गिऱ्हाईक अजून स्टेनलेसच आहे, आणि एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीत निकेल लागतच नाही. आपल्या रस्त्यावरच्या नेक्सॉन ईव्हीत तीच बॅटरी आहे.

कोणी 8 मार्च 2022 ची आठवण काढतं. त्या दिवशी लंडनच्या धातू बाजारात भाव टनाला 1 लाख डॉलरच्या वर गेला होता खरा. पण बाजारानं व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सौदेच रद्द केले. भाव चढेल म्हणून पैसे लावून जिंकलेल्यांच्या हातात काय पडलं?

भाव चढणारच नाही असं मी म्हणत नाही. जाकार्तानं, म्हणजे इंडोनेशियाच्या सरकारनं, खाणींचा खनिज काढायचा वार्षिक कोटा आवळला तर चढेल. 2025 मध्ये त्यांनी खनिजावरची रॉयल्टी 10 टक्क्यांवरून 14 ते 19 टक्क्यांवर नेलीच. पण आवळलेला कोटा सैल करणंही त्यांच्याच हातात. बंद खाण पुन्हा चालू करायला पैसा आणि वेळ लागतो, कोटा वाढवायला सही पुरते.

ग्रुपवर कोणी घेतलेच असतील शेअर, तर चार्ट टाकू नका. कंपनीकडं रोख किती, कर्ज किती, टनामागं खर्च किती, एवढं टाका. मग बोलू.