ड्रोन बाईच्या नावावर, उडवतो कोण? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन अनुदानावर देणाऱ्या केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेवर मी लिहिलं त्याखाली तुमचं म्हणणं असं: ड्रोन बचतगटाच्या नावावर, पण उडवणार नवरा. फवारणी वर्षातून दोन महिने, बाकी दिवस तो पेटीत. मजुरांचं काम जातं ते वेगळंच. त्यापेक्षा गावोगाव चांगले पंप वाटले असते तर बरं. तुम्ही नागपूर जिल्ह्यात काटोलकडे संत्रा आणि कापूस करता, म्हणजे हे ऐकीव बोलणं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मजुरांचं आधी उरकतो. आपल्याकडे निंदण आणि वेचणी बायांची, फवारणी बाप्यांची. फवारणीत बाईच्या वाट्याला येतं ते पाणी. एकरी दहा पंप धरले तर दीडशे लिटर विहिरीवरून वाहून आणायचं, तेही घरचंच शेत म्हणून फुकट. ड्रोनला एकरी साधारण दहा लिटर पुरतं. आणि पंपांचं म्हणाल तर 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती छातीएवढ्या कपाशीतून पाठीवर पंप घेऊनच चालत होती. पंप कितीही चांगला दिला तरी औषध अंगावर येणारच. हे काम कमी झालं तर मला वाईट वाटणार नाही.

आता नवऱ्याचं. योजनेत पायलटचं प्रशिक्षण गटातल्या बाईला आहे, पंधरा दिवसांचं. दुरुस्ती-जोडणीसाठी दुसरी सदस्य किंवा घरातलं माणूस शिकवतात. म्हणजे नवरा सोबत असणार हे धरूनच चाललेत, आणि तो लागतोही. ते धूड स्कूटीवर जात नाही. ऑटो नाहीतर पिकअप पाहिजे, त्यात बॅटऱ्या, जनरेटर, पाण्याच्या कॅन. पण रिमोट हातात घ्यायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते बायकोच्या नावावर असताना नवऱ्याने उडवला आणि ड्रोन विजेच्या तारेत गेला, तर विम्याचा दावा कोणत्या तोंडाने करणार?

आपल्याच जिल्ह्यात मौद्याकडच्या एका गटात धानावर फवारणी चालली होती. ताई हातमोजे घालून औषध गाळून टाकीत ओतत होती, कारण गाळलं नाही की नोझल तुंबतं. नवरा बॅटऱ्या बदलत होता. मी मात्र तिची वही पाहत बसलो: शेतकऱ्याचं नाव, किती एकर, कोणतं औषध, आणि शेवटच्या रकान्यात खाली खाली ‘उधार’, ‘उधार’. ती म्हणाली, “उडवाले सोपं हाय जी, पैसे मांगाले जीव जाते.”

माझी खरी काळजी इथे आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती नाही. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये 15,000 गटांसाठी 1,261 कोटी मंजूर केले. अनुदान 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख. उरलेल्याला कर्ज, त्यावर व्याजात 3 टक्के सवलत. संच 10 लाखांचा धरला तर 2 लाख गटाच्या डोक्यावर. एकरी 400 रुपये घेतले तर नुसतं मुद्दल निघायला 500 एकर लागतात. गाडीभाडं, जनरेटरचं पेट्रोल, पुढेमागे दमणाऱ्या बॅटऱ्या हे सगळं त्यावर. ते 500 एकर ‘कापूस विकला की देतो’ या बोलीवर झाले तर हप्ता कशातून भरायचा? नवऱ्याने रिमोट हिसकावण्याआधी उधारीच गटाला खाऊन टाकेल. आणि गावातल्या काकाला, दिराला पैसे मागायची वेळ आली की बाई मागे सरकते, नवरा पुढे होतो, वहीही त्याच्याकडे जाते. तुम्हाला वाटते ती गोष्ट घडते ती अशी.

म्हणून मला वाटतं बुकिंग आणि वसुली एका गटाने न करता प्रभागसंघाने, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांच्या मिळून झालेल्या संघाने करावी, पैसे आगाऊ, थेट खात्यात. पेटीत पडून राहण्यावरही उपाय तोच. एका गावापुरता ड्रोन दोन महिनेच चालेल हे तुमचं गणित बरोबर. पण जुलै-ऑगस्टला सोयाबीन-कपाशी, मग मौदा-रामटेकचा धान, नोव्हेंबरच्या आसपास फुलावरची तूर (त्या उंच तुरीत पंप घेऊन शिरून दाखवा), पुढे हरभरा. जिल्हाभर फिरवला तर कामाचे दिवस वाढतात. एकटा गट हे जमवू शकत नाही, संघ जमवू शकतो.

तुमच्या संत्र्याच्या झाडांना मात्र ब्लोअरच ठेवा. वरून मारलेलं थोडकं पाणी दाट झाडाच्या आत पुरेसं पोचत नाही. कपाशीत पानाखाली बसणाऱ्या पांढऱ्या माशीचंही तेच रडगाणं. तणनाशक तर ड्रोनने मारूच देऊ नका. वाऱ्याने शेजारच्या वावरात गेलं की भांडण ठरलेलं. तुरीचं बघा. तुमच्या शिवारात चार-पाच जण मिळून सलग पंचवीस-तीस एकर होत असतील तर तालुक्याच्या उमेद (बचतगटांचं काम पाहणारं राज्याचं अभियान) कक्षात विचारा, जवळचा ड्रोन कोणत्या गटाकडे आहे ते कळेल.