अकरावीचे विषय : पाल्यास न विचारता निवडण्याची सोपी पद्धत

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि नातेवाइकांचे फोन थांबले, की घरात जो प्रश्न ठाण मांडून बसतो तो म्हणजे अकरावीला विषय कोणते घ्यायचे. गेल्या आठवड्यात मुलीच्या प्रवेशासाठी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीसमोर पावणेतीन तास उभे राहण्याचा योग आला, आणि त्या पावणेतीन तासांत या प्रश्नावर मला जे ज्ञान प्राप्त झाले ते एकट्याने गिळून बसणे अप्पलपोटेपणाचे ठरेल. ज्यांची मुले यंदा नववी-दहावीत आहेत, त्यांनी पुढील सूचना जपून ठेवाव्यात.

प्रथम शाखा. तिची चिंता करण्याचे कारण नाही, कारण शाखा टक्केवारीच निवडते. भरघोस गुण म्हणजे विज्ञान, बेताचे गुण म्हणजे वाणिज्य आणि उरलेल्यांसाठी कला, ही उतरंड कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नसली तरी प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात ती तोंडपाठ आहे. ब्याण्णव टक्के मिळवलेला एखादा मुलगा इतिहास घेऊ इच्छितो असे कानावर आले, तर घरातले कोणी आजारी असल्यासारखा आवाज काढून त्याच्या आईवडिलांची विचारपूस करावी. टक्केवारी काढताना ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा लाभ अवश्य घ्यावा. सहा विषयांपैकी गणितात बावन्न मिळाले असतील तर ते गुण गळून जातात, बाकीच्या पाच विषयांवर एकूण सत्त्याऐंशी टक्के झळकतात, आणि त्या सत्त्याऐंशीच्या बळावर मुलाला पुढची दोन वर्षे गणितच शिकायला बसवता येते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुणही सोडू नयेत. त्या गुणांवर जिथे प्रवेश मिळतो तिथे चित्रकलेचा ब्रश पुन्हा हाती घ्यावा लागत नाही, ही जास्तीची सोय.

मुलाचा कल पाहावा, असे काही लोक म्हणतात. २०१६ पासून काही वर्षे शासनानेही दहावीच्या मुलांची कलचाचणी घेऊन पाहिली आणि पुढे ती बंद केली, हे फार बरे झाले; कल कागदावर कळल्यानंतर त्याकडे दुर्लक्ष करणे उगाच जड जाते.

वाणिज्य घेणाऱ्यांनी गणित ठेवावे की सोडावे हे शेजारच्या सीएला विचारावे, आणि तो फोन उचलत नसेल तर ठेवावे.

विज्ञान शाखेत गेल्यावर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घ्यावे की जीवशास्त्र, असा पेच पडतो. दोन्ही घ्यावेत. मुलगा रक्त पाहून चक्कर येऊन पडत असेल आणि आकडे पाहूनही पडत असेल, तरी दोन्ही घ्यावेत, कारण त्यामुळे ‘ऑप्शन ओपन राहतो’. हे आपल्या पिढीचे कुलदैवत असून त्याच्या नैवेद्याला मुलाच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी लागतात. एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी, औषधनिर्माण वगैरे अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो, तेव्हा अकरावीचे वर्ष अकरावी शिकण्यात घालवणे हा निव्वळ अव्यवहार आहे. महाविद्यालय कोणते असावे हेही क्लासवाल्यांनाच विचारावे. ‘इंटिग्रेटेड’ म्हटले की मूल क्लासला जाते, हजेरी महाविद्यालयात लागते, आणि दोन्हीकडची फी आपल्या खात्यातून जाते. कामाची इतकी नेटकी वाटणी दुसरीकडे आढळणार नाही. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली होती. ती यंत्रे आता कोठे आहेत, असे प्राचार्यांना विचारण्याचा असभ्यपणा आपण करू नये.

आता भाषा. इंग्रजी सक्तीची असते आणि दुसरी भाषा म्हणजे मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन यांपैकी एखादी, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती तातडीने दुरुस्त करून घ्यावी. दुसरी भाषा म्हणजे आयटी. माहिती तंत्रज्ञान ही भाषा कोणत्या जिल्ह्यात बोलली जाते हे मला ठाऊक नाही, परंतु तो विषय घेतला की दुसरी भाषा सुटते, त्याची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते, २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि एकंदरीत तो ‘स्कोरिंग’ आहे. ‘स्कोरिंग’ हा शब्द उच्चारला की पुढे कोणी काही विचारत नाही. २०२० च्या कायद्याने पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, आपण सर्वांनी त्या दिवशी एकमेकांना संदेशही पाठवले. मात्र अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी भावनेच्या आहारी जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी, आणि ती म्हणजे माहितीपुस्तिका वाचू नये. मी ती वाचली, हीच माझी चूक झाली. माझ्या मुलीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर भूगोल हवा होता आणि दुसरी भाषा म्हणून मराठी हवी होती. भूगोलाचे खूळ तिच्या डोक्यात आठवीपासूनचे आहे. घरात एक जुना स्थलनिर्देशक नकाशा आहे. त्यावर सिंहगडाभोवतीच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पेन्सिलच्या टोकाने मोजत, कोणत्या बाजूने चढ खडा आहे आणि कोणत्या बाजूने सोपा, हे ती न थकता सांगत बसते, आणि नंतर रविवारी तिथे जाऊन आपले बरोबर आले की नाही ते पाहून येते. राज्य मंडळाच्या योजनेत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला भूगोल घेता येतो. त्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत पान नऊवर, विज्ञान शाखेच्या ऐच्छिक विषयांत भूगोल आहे आणि दुसऱ्या भाषांच्या यादीत मराठी सर्वांत वर आहे. पसंतीक्रम भरताना आम्ही त्या पान नऊवर बोट ठेवून ते महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले. घरात आनंदीआनंद झाला.

खिडकीवर हातात पडलेल्या अर्जात मात्र विषयांच्या चौकटी भरून आल्या होत्या. इंग्रजी, आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. सगळे छापील, शेकडो अर्जांच्या झेरॉक्सवर एकसारखे. कोरी होती ती फक्त दोन सह्यांची जागा. अर्जाच्या माथ्यावर ‘विषय निवड पत्रक’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते.

‘‘मॅडम, हिला भूगोल हवा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आर्ट्सची खिडकी पलीकडे आहे.’’

‘‘सायन्सलाच हवा आहे. आपल्या माहितीपुस्तिकेत पान नऊवर आहे, आणि मराठीही आहे.’’

बाईंनी पुस्तिकेकडे पाहिलेदेखील नाही. ‘‘ते छापलेलं असतं हो,’’ त्या म्हणाल्या, आणि माझ्या मुलीकडे पाहून समजुतीच्या स्वरात पुढे म्हणाल्या, ‘‘बाळा, आयटी घे, सगळे तेच घेतात. भूगोलाला मुलंच येत नाहीत, म्हणून तुकडी होत नाही.’’

मुले येत नाहीत म्हणून तुकडी होत नाही. ठीक आहे. पण मूल आले होते ना? दप्तर पाठीला लावून, पुस्तिकेत खूण घालून ते मूल तुमच्या काचेच्या पलीकडे उभे होते, आणि तुम्ही त्याला आर्ट्सच्या खिडकीकडे पिटाळत होता! ज्या अर्जावर भूगोलाला चौकटच नाही त्या अर्जातून भूगोल मागणारी मुले मोजणार कशी? माझ्या मुलीच्या आधी किती जणांनी विचारले आणि किती जणांना ‘सगळे तेच घेतात’ असे सांगून परत पाठवले, याची नोंद कोणत्या वहीत आहे? चौकट नाही म्हणून मागणी दिसत नाही, मागणी दिसत नाही म्हणून तुकडी नाही आणि तुकडी नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या झेरॉक्समध्येही चौकट नाही, असा हा गरगर फिरणारा रहाट आहे, आणि तो फिरवणारे वरून सांगतात की मुलांनाच भूगोल नको, मुलांनाच मराठी नको. आणि ‘छापलेलं असतं’ म्हणजे काय? उद्या मी प्रवेश शुल्काचा धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर ‘ते लिहिलेलं असतं हो’ एवढे सांगून मला घरी जाता येईल काय?

परत फिरण्याची सोयही उरलेली नसते, हे यातले खरे कौशल्य. २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाला. त्यात पसंतीक्रम मागितले जातात ते महाविद्यालयाचे आणि शाखेचे, जास्तीत जास्त दहा. विषयांचा प्रश्न निघतो तो प्रवेश मिळाल्यानंतर, खिडकीवर. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणजे विषय नाही हे तुम्हाला कळते ते नकार देण्याचा अधिकार संपल्यावर. हे ठाऊक असूनही पान नऊ दरवर्षी छापणाऱ्यांना फसवणूक हा शब्द टोचेल, परंतु मला दुसरा सुचत नाही.

महाविद्यालयाला एवढे बोललो, तर आता माझ्या मागच्या रांगेलाही बोलतो. ‘‘अहो, घ्या ना आयटी, लाइन खोळंबली आहे,’’ हे वाक्य त्या बाईंचे नव्हते. ते माझ्यासारख्याच एका बापाचे होते, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा पावणेतीन तासांत एकदाही बोलला नव्हता, कारण त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. आपण पालक सोळा वर्षांच्या मुलाला मोबाइलचे मॉडेल निवडू देतो, गाडीचा रंग विचारतो, आणि ज्या सहा विषयांत तो पुढची दोन वर्षे रोज उठणार-बसणार आहे ते मात्र आपला मेव्हणा, क्लासचा समुपदेशक आणि खिडकीवरची झेरॉक्स यांच्या हवाली करतो. वर मूल बारावीत खचले की ‘आम्ही काय कमी केलं’ असे विचारतो. लाज वाटायला हवी आपल्याला. मला वाटते आहे, कारण तो मागचा बाप तसे म्हणाल्यावर मीही मुलीला ‘‘घे ना आता, बघू पुढे’’ म्हणालो आणि सही केली. तिने माझ्या सहीखाली तिची सही केली आणि पुस्तिकेतली खूण काढून खिशात ठेवली.

माझे म्हणणे साधे आहे. तुकडी चालवायची नसेल तर विषय पुस्तिकेतून काढा. काढायचा नसेल तर अर्जावर त्याला चौकट द्या, किती मुलांनी मागितला ते सूचना फलकावर लावा, आणि संख्या भरत नसेल तर गावातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक तुकडी चालवावी. शिक्षक एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकतात. भूगोल आणि मराठी या दोन विषयांची मागणी करणारा लेखी अर्ज मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि मी तो काल कार्यालयात नेऊन दिला. त्याचा आवक क्रमांक अद्याप मिळालेला नाही, कारण आवक नोंदवही ज्यांच्या कपाटात आहे ते गृहस्थ सोमवारपर्यंत रजेवर आहेत. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी खिडकीवर मुलगी बोलेल.