सायलेन्सर कापणाऱ्यांनी हॉट रॉडचा दाखला देऊ नये

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश टाकला आणि त्याखाली लिहिले, "मामा, आता बोला." या आव्हानाला पार्श्वभूमी आहे. त्याने आपल्या मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून घेतल्यापासून तो रात्री कोणत्या गल्लीत वळला हे चौथ्या मजल्यावर झोपलेल्या त्याच्या आजीला अंथरुणातूनच कळते, आणि त्याबद्दल मी त्याला चार शब्द सुनावले होते. संदेशाचे नाव 'हॉट रॉडचा खरा इतिहास' असे असून त्यात पाच दावे आहेत. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी सोलून, इंजिन सुधारून वेगवान केलेली मोटार. ती दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९४६ मध्ये जन्माला घातली, हा पहिला दावा. एक्झॉस्टचा पाइप तापून लाल होई म्हणून हे नाव पडले, हा दुसरा. सायलेन्सर काढला की इंजिनाची ताकद तीस टक्क्यांनी वाढते हे त्या मुलांनी सिद्ध केले, हा तिसरा. हे सारे पोलिसांना धाब्यावर बसवून भर रस्त्यात घडले आणि नियम मोडल्यामुळेच ही संस्कृती वाढली, हा चौथा. अमेरिकेत आजही गाडीत वाटेल तो बदल करता येतो, बंदी फक्त भारतात आहे, हा पाचवा.

पहिल्या दाव्यासाठी एक साल पुरे आहे. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, ही या छंदाची मध्यवर्ती संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली आणि मे १९३८ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातील म्युरॉकच्या कोरड्या तलावावर आपली पहिली शर्यत घेतली. जे १९४६ मध्ये जन्मले, त्याची संघटना नऊ वर्षे आधी कशी उभी राहिली, हे संदेशकर्त्याने सांगावे. मुळे त्याहूनही जुनी आहेत. फोर्डच्या मॉडेल टी या सामान्य माणसाच्या गाडीच्या इंजिनावर बसवायचे 'फ्रॉन्टेनॅक' सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे जास्त ताकद देणारे झाकण, १९२० च्या दशकात बाजारात मिळत होते आणि तसे हेड बसवलेली एक गाडी १९२३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत पाचवी आली होती. पुढे १९३२ मध्ये फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन स्वस्त गाडीत दिले आणि काही वर्षांत त्या गाड्या जुन्या बाजारात आल्यावर पोरांच्या हाती घबाडच लागले.

या पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. युद्धानंतर या छंदाचा झपाट्याने प्रसार झाला, हे खरे आहे. परतलेल्या तरुणांच्या हाती पैसा होता, यंत्रकाम त्यांनी सैन्यात शिकून घेतले होते आणि लष्करी भंगार मुबलक होते. बिल बर्क या हॉट रॉडवाल्याने लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची इंधनाची टाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी बनवली, ती याच काळात. मात्र युद्धकाळात व्हेडा ऑर या स्वतः तलावावर गाडी पळवलेल्या बाई आघाडीवरच्या सैनिकांना या छंदाच्या बातम्यांचे पत्रक पाठवत असत. छंद आधी नसता तर बातम्या कशाच्या पाठवल्या असत्या?

नावाबद्दल फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. 'रॉड' हा 'रोडस्टर' या उघड्या गाडीच्या नावाचा संक्षेप असावा असे एक मत आहे, तर इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडशी किंवा कॅमशाफ्टशी तो जोडणारेही आहेत. युद्धापूर्वी या गाड्यांना 'गौ जॉब' किंवा 'हॉप-अप' म्हणत. लाल झालेल्या पाइपाची गोष्ट रंगतदार आहे, एवढेच.

चौथा दावा मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण पोरे तोच डोक्यात घेतात. लॉस एंजेलिसची मुले शंभरेक मैल गाडी हाकत मोहावीच्या वाळवंटात का जात होती, याचा विचार संदेशकर्त्याने केलेला दिसत नाही. मुक्तपणे वेग घेता येईल अशी सपाट, कडक आणि निर्मनुष्य जमीन त्यांना हवी होती आणि ती म्युरॉक, हार्पर, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या तळावर मिळत होती. (म्युरॉकची जमीन किती सलग आणि मोठी होती, हे यावरून कळावे की तेथेच पुढे लष्कराचा विमानतळ झाला आणि १९४७ मध्ये ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पहिले विमान उडाले ते तेथूनच.) सुरुवातीला तेथेही अनेक गाड्या शेजारी-शेजारी एकदम सुटत, पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला काही दिसत नसे आणि अपघात होत. एससीटीएने हा प्रकार मोडला. गाड्यांचे वर्ग पाडले, एका वेळी एकच गाडी सोडली, ठरलेल्या अंतरावर घड्याळ लावून तिचा वेग मोजला आणि नोंद ठेवली. संस्थेच्या नावातच 'टायमिंग' आहे. ज्यांना निव्वळ धुडगूस घालायचा असतो ते घड्याळ विकत घेत नाहीत.

रस्त्यावर शर्यती झाल्याच नाहीत असे मी म्हणत नाही. झाल्या, माणसेही मेली, वर्तमानपत्रांनी हॉट रॉडवाल्यांना गुंड ठरवले आणि युद्धानंतर या गाड्यांवर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली. संदेशकर्ता येथेच थांबतो, आणि खरा इतिहास येथून पुढे आहे. रस्त्यावरच्या त्या बदनामीने हा छंद बुडण्याची वेळ आली, तेव्हा त्याला वाचवले ते संघटित मंडळींनी. जानेवारी १९४८ मध्ये एससीटीएने लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शन भरवून ही कारागिरी लोकांसमोर मांडली आणि त्याच प्रदर्शनात 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक विकला गेला. पुढे त्या मासिकाचे संपादक झालेले वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. मुलांना रस्त्यावरून उचलून, गाडी तपासून, बंद धावपट्टीवर शर्यत लावायची, हा तिचा उघड हेतू होता, आणि १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. नियम मोडणाऱ्यांनी ही संस्कृती वाढवली म्हणणे म्हणजे आखाड्याबाहेर मारामारी करणाऱ्यांनी कुस्ती वाढवली म्हणण्यासारखे आहे.

आता सायलेन्सर. फोर्डच्या त्या व्ही-८ मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरना धूर बाहेर टाकायला तीनच वाटा होत्या, मधल्या दोघांची वाट एकच होती, आणि तो तापलेला धूर ब्लॉकमधूनच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातूनच, जात असल्यामुळे इंजिन सारखे गरम होई. म्हणजे अडचण पाइपच्या टोकाला नव्हती, इंजिनाच्या पोटात होती. त्या मुलांनी काम केले तेही तेथेच: वाटा घासून मोठ्या केल्या, झडपा उघडणारा कॅम बदलला, दाब वाढवणारे ॲल्युमिनियमचे हेड बसवले, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन कार्ब्युरेटर लावण्यासाठी वेगळा मॅनिफोल्ड, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारी नळी, घडवला. असे भाग बनवणारे व्हिक एडेलब्रॉक यांचा प्रसिद्ध मॅनिफोल्ड १९३८ चा आहे. हे सगळे जमल्यावर, इंजिन खूप वेगाने फिरत असताना, मोकळ्या एक्झॉस्टने थोडी भर पडते, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी पेट्रोल आणि हवेचे प्रमाण पुन्हा जुळवावे लागते. भाच्याच्या गाडीत यातले काहीही झालेले नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून जे फटाके वाजतात आणि ज्यांना तो ताकद समजतो, ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरऐवजी पाइपात जळल्याचे आवाज आहेत. तीस टक्क्यांचा आकडा कोणत्या यंत्रावर मोजला, ते संदेशात नाही.

अमेरिकेत सारे चालते, हेही खोटे आहे. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टनंतर धूर नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावणे तेथे बेकायदा ठरत गेले, आणि कॅलिफोर्नियात त्या यंत्रणेवर परिणाम करणारे सुटे भाग विकण्यासाठी राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी लागते. गाडीचा सांगाडा चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणण्यास तेथे १९५८ पासून बंदी होती. म्हणून रॉन अगिरे या तेथल्या हौशी गाडीवाल्याने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप गाडीत बसवले, जेणेकरून पोलीस दिसताच गाडी वर उचलता यावी. ती कायद्याला दिलेली बगल होतीच, पण ती शोधायला डोके लागले होते.

भारतातला कायदा अधिक कडक आहे, हे मात्र कबूल करायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. रंग बदलण्यावर किंवा मंजूर सीएनजी किट लावून त्याची नोंद करण्यावर बंदी नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द भाच्याने पुन्हा वाचावेत. त्याच्या गाडीचा सायलेन्सर तर मी ऐकलाच आहे. हॉर्न आणि मागचा मडगार्ड परवा खाली उतरलो तेव्हा पाहिले.