पंधरा दिवसांत दहा किलो? हिशेब करून पाहा

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. रात्रीचं जेवण बंद करा, भाकर-भात सोडा, सकाळी जिऱ्याच्या कोमट पाण्यात मध-लिंबू घालून प्या, 15 दिवसांत 10 किलो वजन उतरेल. पुढे असंही की कॅलरी मोजणं शहरातल्या लोकांचं काम, वावरात राबणाऱ्याला त्याची गरज नाही. अकोला-यवतमाळकडच्या बायाबापड्या हे मनापासून करतात, अशक्तपणा ओढवून घेतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

आधी ते 10 किलो. अंगातली एक किलो चरबी जायची तर साधारण 7,700 कॅलरीची तूट पडावी लागते. दहा किलोला 77,000. पंधरा दिवसांत वाटले तर रोज 5,100 च्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली दिलेल्या आकड्यांनुसार 55 किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरजच 2,130 कॅलरी आहे. म्हणजे तिने पंधरा दिवस अन्नाचा कणही खाल्ला नाही तरी तूट होईल 32,000 च्या आत, चार किलो चरबीएवढी. मग काट्यावर भराभर उतरतं ते काय? मुख्यतः पाणी. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साठा ठेवतं, त्याच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकर-भात तोडला की साठाही जातो, पाणीही जातं. जेवण सुरू झालं की दोन्ही परत येतात. त्यात उपाशी शरीर स्नायूही झिजवतं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईने अंगातलं बळ घालवून काट्यावरचा आकडा कमी करायचा, हे सांगणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

भाकरीवरचा आरोपही मोजूनच तपासावा. किलोभर ज्वारीच्या पिठात साधारण 3,350 कॅलरी असतात. तुमच्या हातच्या त्यात पंधरा भाकरी होत असतील, तर एक भाकर सव्वादोनशेच्या आसपास. आता तेल पाहा. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, पिष्टात फक्त 4. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120. गोळाभातावर वरून तीन चमचे कडकडीत फोडणी घेतली की दीड भाकर पोटात गेली, आणि ती कुणी धरतच नाही. सहा माणसांच्या घरात 15 किलोचा तेलाचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज 40 ग्रॅमच्या वर तेल होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2,000 कॅलरीच्या आहारात तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. तोच डबा तीन महिने पुरवला की जवळपास तिथेच येतो, आणि माणशी रोजच्या सव्वाशे कॅलरी वाचतात. कुणाची भाकर काढून घ्यावी लागत नाही.

चहाचंही तसंच. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर: 50 ग्रॅम, 200 कॅलरी. साखर निम्मी केली तर शंभर वाचल्या.

मोजणं शहरवाल्यांचं, हे तर अजिबात पटत नाही. बियाण्याची थैली, फवारणीच्या पंपातलं औषध, कापसाचा क्विंटल, सगळं मापात करणारी माणसं आपण. ताटाचं माप घेणं अवघड का जावं? मोबाईलच्या ॲपमध्ये पाटोडी किंवा आंबाडीची भाजी मिळेलच असं नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर पीठ, डाळ, शेंगदाणे एकदा मोजून आणा, किती वाट्या झाल्या ते वहीत टिपा, मग रोज काय खाल्लं ते लिहा. शंभर-दोनशे कॅलरी इकडेतिकडे होतील, होऊ द्या. कुठे जास्त जातंय ते वहीत दिसू लागतं.

राबणाऱ्याचं वजन वाढत नाही, हे आपल्या आजीच्या काळात बरंचसं खरं होतं. आता तणनाशकाने निंदण कमी केलं, मळणी थ्रेशरवर होते, वावरात जायला दुचाकी आहे. बैठं काम करणाऱ्या त्याच बाईची गरज 1,660 वर येते. फरक 470 कॅलरींचा, दोन भाकरींचा. एप्रिल-मे महिन्यात वावर रिकामं असतं, ताट मात्र कापूस वेचणीच्या दिवसांतलंच.

जिऱ्याच्या पाण्याने चरबी वितळत नाही. त्यातल्या मोठ्या चमचाभर मधाच्या 60 कॅलरी उलट जमेस धरा. रात्रीचं म्हणाल, तर वजनाला मुख्य हिशेब दिवसभराच्या बेरजेचा लागतो. रात्री उपाशी राहून सकाळी तीन आलुबोंडे खाल्ले तर झालीच एकादशी अन् दुप्पट खाशी.

मग किती अपेक्षा धरावी? रोज 300-400 कॅलरीची तूट, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो. पुढे वेग आणखी मंदावतो, कारण हलक्या शरीराला कमी लागतं. हे थोडं वाटेल, पण अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंधक अभ्यासात वजन 7 टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायामाचंच उद्दिष्ट होतं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 70 किलोच्या माणसाला हे पाच किलो, चार महिन्यांचं काम. वजन आठवड्यातून एकदाच करा, रोजच्या चढउताराने जीव खाली-वर होतो. आशाताईंकडे टेप असते. कंबर बायांची 80 आणि पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत यायला हवी.

मुळात ज्यांचं वजन कमीच आहे, जी गरोदर आहे किंवा अंगावर पाजते आहे, त्यांनी हा मेसेज सरळ पुसून टाकावा. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीचं जेवण परस्पर सोडू नये: झोपेत साखर एकदम उतरते, घाम फुटतो, थरथर होते, माणूस बेशुद्धही पडतो. त्यांनी आधी डॉक्टरांकडून औषधाचं माप ठरवून घ्यावं, मगच ताटाला हात घालावा.