लाराकडे बघणारे आणि लारा होऊन खेळणारे

‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेमची नायिका लारा क्रॉफ्ट हिचं नाव काढलं की आपल्याकडे अजूनही एक ठरावीक हसू उमटतं. तोकडी चड्डी, दोन पिस्तुलं, सिनेमातली अँजेलिना जोली. मला व्हिडिओ गेमचं वेड लावलं ते लाराने, त्यामुळे ते हसू मला फार लागतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या डर्बी शहरात कोअर डिझाइन नावाची कंपनी होती. तिथल्या टोबी गार्ड या विशीतल्या चित्रकाराच्या डोक्यात जुन्या थडग्यांत, भुयारांत शिरणाऱ्या साहसवीराचा गेम होता. सुरुवातीला नायक पुरुषच होता, पण तो इंडियाना जोन्सची नक्कल वाटेल अशी भीती होती. मग त्याच्या जागी लॉरा क्रूझ नावाची दक्षिण अमेरिकन मुलगी आली. वरच्या मंडळींना ब्रिटिश वाटणारं नाव हवं होतं, तेव्हा तिची लारा क्रॉफ्ट झाली. काम करणारी माणसं जेमतेम सहा-सात. त्यांत संहिता लिहिणारी व्हिकी आर्नल्ड होती, लेव्हल, म्हणजे गेममधले टप्पे, रचणारी हेदर गिब्सन होती. लाराला आवाज दिला शेली ब्लाँडने. लारा म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली बाहुली, असं जे सर्रास म्हणतात त्यांनी ही नावं एकदा वाचावीत.

१९९६ साली ‘टूम रेडर’ आला आणि ती कशी हलते हे लोकांनी पाहिलं. माझ्या लेखी लारा म्हणजे हे हलणंच. तिथली सगळी जमीन एकाच मापाच्या चौकोनांची. दरी ओलांडायची तर अगदी कडेशी जायचं, एक उडी मागे घ्यायची, मग धावत सुटायचं आणि कडा येण्याआधीच उडीचं बटण दाबून धरायचं. हिशेब बरोबर आला तर समोरची कड तिच्या हाती लागते. चुकला तर ती किंचाळत खाली जाते. सावकाश चालायची कळ दाबून धरली तर ती कडेवरून पडत नाही. तीच कळ दाबून तिला वर चढवलं तर ती हातांवर उभी राहून, उलटी, अगदी डौलात वर येते. गेम जिंकायला याचा काडीचाही उपयोग नाही. पण कुणीतरी बसून ते बनवलं, कारण हिला आपलं शरीर आवडतं, त्यावर तिची हुकमत आहे, हे दाखवायचं होतं. कॅमेरा बहुतेक वेळ तिच्या पाठीमागे असतो. ती जिकडे बघते तिकडे आपण बघतो. खेळताना लारा बघायची वस्तू राहतच नाही, तिथे आपण लारा असतो.

बाहेरच्या जगात मात्र तिला नेमकं उलटं उभं केलं गेलं. तोंड आपल्याकडे, कंबर वाकवलेली. प्रकाशक कंपनी आयडॉसने तिच्या वेशात मॉडेल फिरवल्या. १९९७ मध्ये ती ‘द फेस’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, पुढे ल्युकोझेड या पेयाच्या जाहिरातीत आली. चाहत्यांपैकी कुणीतरी गेममध्ये तिचे कपडे काढणारा पॅच, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवला आणि तो इतका पसरला की १९९९ मध्ये कंपनीला वकिलांमार्फत नोटिसा पाठवाव्या लागल्या. ज्या नजरेला आपणच खतपाणी घातलं तिच्यावर कारवाई करायची वेळ आली, याचं मला नवल वाटत नाही.

टोबी गार्डने १९९७ मध्येच कंपनी सोडली. लाराची जी जाहिरात चालली होती ती त्याला मान्य नव्हती, आणि लाराच्या बाबतीत त्याचा शब्द चालेनासा झाला होता. एवढं यश पायाशी असताना माणूस उठून जातो, याची मला आजही कदर वाटते. (लाराच्याच २००६ च्या ‘लेजंड’ या गेमसाठी तो परत आला, तेव्हा लारा कॅलिफोर्नियात क्रिस्टल डायनॅमिक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेली होती.)

हे लाराच्याच नशिबी आलं असं नाही. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या गेममध्ये नायकाच्या चिलखताआड बाई आहे हे शेवटी कळतं, आणि खेळ जितक्या लवकर संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. बाई म्हणजे बक्षीस.

आता माझा खरा मुद्दा. २०१३ ची नवी लारा आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. अंगभर कपडे, तरुण, घाबरलेली, संहिता रियाना प्रॅचेटसारख्या कसलेल्या लेखिकेची. गेम मलाही आवडला. पण त्याआधी, २०१२ मध्ये, त्याच्या निर्मात्यानेच मुलाखतीत सांगितलं होतं की लोक स्वतःला लाराच्या जागी कल्पत नाहीत, त्यांना तिचं रक्षण करावंसं वाटतं. हे कुठले लोक? १९९६ पासून तिला घेऊन दऱ्या ओलांडणाऱ्या आम्ही मुली त्यात कुठे होतो? चड्डीवाल्या जाहिरातीतही खेळणारा पुरुषच गृहीत होता आणि या काळजीतही तोच. आधी तो तिच्यावर लाळ गाळत होता, आता तिला सांभाळणार होता. ती व्हायची त्याची तयारी दोन्ही वेळा नव्हती, निदान विकणाऱ्यांनी तसं धरून चाललं होतं. तिच्या कपड्यांवर इतकी वर्षं वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हे दिसत कसं नाही?

म्हणून आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सर्कशीत वाढलेली, भाऊ गोलूला शोधत निघालेली ही पोर भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, त्रिशूळ फिरवते. गेम लवकर संपतो, मारामारी अडखळते, शेवट अर्धवट वाटतो, ही टीका झाली आणि ती रास्त होती. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. टीका असो की कौतुक, मी जे वाचलं ते गेमबद्दल होतं.

लाराच्या पहिल्या तीन भागांची उजळलेली आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे. ज्यांना ती फक्त सिनेमातून माहीत आहे त्यांनी जरूर घ्या. पहिल्या भागात तिच्या घरापासून सुरुवात करा, तिथे ती स्वतःच सगळ्या उड्या शिकवते. तिसरा भाग तर भारतातल्या जंगलातच सुरू होतो. आणि घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर आधी कंट्रोलर तिच्या हातात द्या.