मोहरीत मेथी पेरली म्हणून औषध सुटत नाही

गेल्या रब्बीपासून एक मजकूर निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. सार असं: "युरोपातले शेतकरी मोहरीच्या रानात मेथी, मसूर, कारळे मिसळून पेरतात. त्यांची औषधं बंद झाली, युरिया निम्म्यावर आला. आपणही भात निघाला की मोहरी-मेथी एकत्र पेरा, कोबीत मोहरीच्या दोन ओळी लावा, कीड जवळ फिरकणार नाही." खाली पिवळ्याधमक शेताचा फोटो.

पिकांची यादी बरोबर आहे, हे आधी मान्य करू. फ्रान्समध्ये खरंच मेथी, मसूर, बरसीम, बाकला आणि चक्क आपले कारळेसुद्धा या पिकात मिसळून पेरतात. पण ते पीक आपली फोडणीची मोहरी नव्हे. ते रेपसीड, ज्याच्या तेलात इरुसिक आम्ल कमी असलेल्या वाणांना कनोला म्हणतात. ऑगस्टअखेर पेरायचं आणि पुढच्या जुलैत कापायचं. आपली मोहरी शंभर-एकशेदहा दिवसांत घरात येते. पुढचा सगळा घोळ या एका फरकातून सुरू होतो.

"त्यांची औषधं बंद झाली." बंद झाली खरी, पण मेथीमुळे नाही. तिकडे बियाण्याला निओनिकोटिनॉइड गटाचं कीटकनाशक चोळून पेरायची पद्धत होती. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय संघाने डिसेंबर 2013 पासून अशा फुलोऱ्याच्या पिकांवर ती थांबवली आणि 2018 मध्ये उघड्या शेतातला वापरच बंद केला. मागे उरला एक पिसू भुंगेरा. तो उगवते कोंब कुरतडतो आणि त्याच्या अळ्या देठात शिरतात. पायरेथ्रॉइड हे दुसऱ्या गटाचं कीटकनाशक फवारावं तर इंग्लंडातले भुंगेरे त्यालाही सरावलेले. 2012 साली ब्रिटनमध्ये हे पीक साडेसात लाख हेक्टरच्या आसपास होतं, 2024 पर्यंत ते निम्म्याहून खाली आलं. औषध हातातून गेल्यावर लोकांनी जे जे करून पाहिलं, त्यात सहपीक एक. इतर हिरवळीत भुंगेऱ्याला कोंब शोधायला त्रास होतो, नुकसान काहीसं कमी होतं. नाहीसं होत नाही. झालं असतं, तर क्षेत्र एवढं घसरलं नसतं.

आणि तो भुंगेरा आपल्याकडे नाही. आपल्या मोहरीचा खरा वैरी मावा. शिवाय लहान रोपांवर काळी अळी, कधी ठिपक्यांचे ढेकूण. मावा येतो डिसेंबर-जानेवारीत, थंडी आणि ढगाळ हवा जुळली की, आणि बसतो फुलोऱ्याच्या शेंड्यावर. तोवर मोहरी कमरेपर्यंत गेलेली असते आणि मेथी तिच्या पायाशी. शेंड्यावरच्या माव्यापासून खालची मेथी काय लपवणार?

माव्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर पेरणी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली मोहरी मावा वाढायच्या आत फुलून बरीच पुढे गेलेली असते. मजकूर नेमकं उलट सांगतो, भात निघाल्यावर पेरा म्हणून. आपल्याकडे भात नोव्हेंबरात निघतो, खानापूरकडच्या रानात त्याहून उशिरा. तेव्हा पेरलेली मोहरी ऐन माव्याच्या दिवसांत फुलावर येणार. भातानंतरच्या ओलीवर इथले लोक मसूर, वाटाणा, हरभरा घेतात, ते उगाच नाही.

"युरिया निम्म्यावर आला." या वाक्यात थोडं खरं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मेथी, मसूर मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधतात, पण जिवंत असेपर्यंत तो बहुतेक स्वतःसाठीच ठेवतात. शेजारच्या पिकाला मिळतो तो त्या मेल्यावर, कुजल्यावर. फ्रान्समध्ये हे काम हिम करतं. कडाक्याच्या थंडीत सहपीक मरतं, वसंतापर्यंत कुजतं, आणि तेव्हा रेपसीडला अजून वाढायला महिने असतात. एवढं सगळं जुळून आलं आणि सहपीक चांगलं माजलेलं असलं, तर तिथले सल्लागार नत्र हेक्टरी 30 किलोने कमी करा म्हणतात. निम्मा नव्हे. आता बेळगाव पाहा. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पहाटे हुडहुडी भरते, पण मेथी मरेल असं हिम काही पडत नाही. मेथी जिवंतच राहणार आणि मोहरीच्या वाटणीची ओल पिणार. उपटून टाकायची म्हटलं तर मजूर कुठून आणायचे? बाकी भाजी म्हणून उपटून बाजारात न्यायची असेल तर जरूर पेरा. तो मेथीचा धंदा झाला, त्याला मोहरीचं निमित्त कशाला.

राहिली कोबी. इथे मात्र मी थांबून बोलणार, कारण कडोलीपासून सांबऱ्यापर्यंतच्या भाजीच्या रानांना थेट लागू पडणारी गोष्ट हीच आहे, आणि मजकुराने तिचंच सगळ्यात जास्त वाटोळं केलंय. कोबीत मोहरी हा सल्ला युरोपचा नाहीच. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने तो दिलेला आहे: कोबीच्या दर 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी. त्यातली एक ओळ कोबी लावायच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पहिली वाळेपर्यंत दुसरी तयार असते. चौकोनी ठिपक्याचा पतंग, मावा, पानं गुंडाळणारी अळी मोहरीवर ओढली जाते. ओढली जाते, पळून जात नाही. मोहरी म्हणजे उंदराचा सापळा आहे. त्यात सापडलेला उंदीर मारायचाच नसेल, तर घरात खाऊ ठेवून उंदीर पोसल्यासारखं होईल. म्हणून मूळ सल्ल्यात मोहरीच्या ओळींवर औषध मारायचंच असतं आणि कोबीचा गड्डा धरताना निंबोळी अर्काची फवारणीही असते. मजकुरात हे दोन्ही गाळलेलं आहे.

त्यातही एक पाचर आहे. जुन्या पत्रकांत मोहरीवर डायक्लोरव्हॉस मारा असं लिहिलेलं सापडतं. त्यावर 2020 संपताना देशभर बंदी आली. जुनं पत्रक हातात धरून दुकानात जाऊ नका. आपल्या होबळीच्या, म्हणजे गावांच्या गटाच्या, रयत संपर्क केंद्रात (सरकारी कृषी कार्यालयात) आज काय चालतं ते विचारा. पत्रकं कानडीत असतात म्हणून आपले बरेच लोक तिकडे फिरकत नाहीत आणि मराठीत आलेल्या फॉरवर्डवर विसंबतात. कानडी वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी, त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. मोहरी आणि कोबी एकाच कुळातल्या. कोबीला घाण्या रोग (ब्लॅक रॉट) लागलेल्या रानात मोहरी लावली तर रोगाला आणखी एक घर मिळतं. त्या रानात कुळ बदललेलंच बरं.

मिसळून पेरण्याला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. इरवाड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. शाळूच्या कडेने काटेरी करडईच्या ओळी असल्या की जनावर आत तोंड घालत नाही. हरभऱ्यात धण्याच्या ओळी टाकल्या तर धण्याच्या फुलांवर बारीक परोपजीवी माश्या येतात आणि घाटे अळीच्या पोटात अंडी घालतात. इथली अळी, इथली माशी, इथलंच हवामान, आणि धणेही विकले जातात. सहपीक करून बघायची हौस असेल त्याने यंदा हरभऱ्याच्या एका पट्ट्यात धणे टाकावेत, शेजारचा पट्टा तसाच ठेवावा आणि घाटे भरताना दोन्हीकडची भोकं मोजावीत.