आयपी कार्डात नसतो हो!

आमच्या इंदूरच्या लॅबवाल्यांच्या ग्रुपात परवापासून एक मेसेज फिरतोय, मला तिघांनी पाठवला, एकाने तर वर 'जरूर वाचा' लिहून. त्यात म्हटलंय की डिस्कलेस मशीनचा (स्वतःची हार्ड डिस्क नसलेलं, नेटवर्कवरून सुरू होणारं मशीन) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कंपनीतूनच नेटवर्क कार्डात भरून येतो आणि सर्व्हर तो फक्त वाचतो, डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटणारी सेवा, लावला तर पत्ता रोज बदलतो, लॅबमध्ये दोन डीएचसीपी असलेले बरे, आणि पत्ता मिळाला की मशीन चालू झालंच समजा.

कार्डात येतो तो मॅक, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, ४८ बिटांचा, त्यातले पहिले २४ बनवणाऱ्या कंपनीचे. आयपी नाही! लग्नघरी पाहुणा दारात फक्त आपलं नाव सांगतो आणि यादी घेऊन बसलेले काका त्याला खोली सांगतात ना, तसंच आहे हे. बटण दाबलं की मशीन स्वतःचा पत्ता ०.०.०.० लिहून २५५.२५५.२५५.२५५ वर सगळ्यांना हाक मारतं, सर्व्हर पोर्ट ६७ वर ऐकतो, मॅक यादीत बघतो आणि ६८ वर उत्तर देतो. कार्डातच आयपी असता तर १९८४ मध्ये आरएआरपी, म्हणजे मॅकवरून आपला आयपी विचारायची पद्धत, काढायची गरजच काय होती? तेही नुसता पत्ता द्यायचं आणि राउटरपलीकडे जायचं नाही, म्हणून १९८५ मध्ये क्रॉफ्ट आणि गिलमोर यांनी बूटपी आणलं, ज्यात पत्ता, बूट सर्व्हर आणि मशीन सुरू करणाऱ्या फाइलचं नाव एकाच पॅकेटात येतं.

पत्ता रोज बदलतो हे अर्धवट खरं. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं आणि लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, आली, पण चालू मशीन अर्धी मुदत झाली की तोच पत्ता पुढे वाढवून मागतं, आणि बंद करून परत लावलं तरी सर्व्हर सहसा जुनाच देतो. पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, लहान असेल आणि मशीन महिनाभर बंद राहिलं तर जाईल दुसऱ्याकडे. त्याला उपाय म्हणजे मॅकवर रिझर्व्हेशन, म्हणजे त्या मॅकला एक पत्ता राखून ठेवणं, मशीनमागे एक ओळ, चहा संपायच्या आत होतं.

आता दोन डीएचसीपी. हे वाचून मी खरंच कपाळावर हात मारला, कारण रामबागेत एका क्लासची लॅब मी बघतो, तिथे कुणीतरी मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट सरळ आमच्या स्विचमध्ये खुपसला. दुसऱ्या दिवशी काही मशीनं मजेत सुरू, काही पीएक्सई-ई५३ (नेटवर्कवरून सुरू होतानाचा एरर नंबर) दाखवून थांबलेली, आणि मी दोन तास सर्व्हर खोदत बसलो, तो बिचारा धडधाकट! शेवटी त्याच स्विचला लॅपटॉप लावला तर पत्ता आला १९२.१६८.१ चा, आमची रेंज १९२.१६८.१० ची. म्हणजे दारात दुसरे काका येऊन बसले होते, ते पण यादी न घेता. खोली देत होते पण बूट फाइलचं नाव त्यांना कुठून माहीत असणार? एकच यादी वाटून घेणारे, नीट जुळवलेले दोन सर्व्हर चालतात, ते वेगळं. मेसेजमध्ये तसं काही नाही, नुसतं 'दोन ठेवा'.

शेवटचा मुद्दा तर या गोष्टीतच खोटा पडला. पत्ता मिळाल्यावर फाइल टीएफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने, यायची असते, मागणी पोर्ट ६९ वर जाते, आणि तिथेही अडकतं. स्क्रीनवरचा नंबर वाचा: ई५१ म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही, केबल, स्विच आणि डीएचसीपी सर्व्हिस बघा, ई५३ म्हणजे उत्तर आलं पण फाइलचं नाव नाही, तेव्हा आधी टेबलाखाली वाकून कुणाचा राउटर लपलाय का बघा, ई३२ म्हणजे नाव मिळालं पण टीएफटीपी बोलत नाही, तिथे बहुतेक वेळा सर्व्हरची फायरवॉल आडवी आलेली असते.